पोळी आणि टाळी

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोन रांगा लागतात. एक प्रवेशाची, दुसरी शिष्यवृत्तीच्या अर्जांची. पहिलीबद्दल वर्तमानपत्रे रोज लिहितात. दुसरी रांग निमूट असते. ज्ञातिमंडळे, देवस्थानांचे निधी, संप्रदायांचे आणि मिशनचे न्यास, कुणा दिवंगत शेठजींच्या नावची धर्मादाय खाती, अशा दारांसमोर ती उभी असते. सरकारी शिष्यवृत्तीची गोष्ट निराळी. तो हक्क आहे आणि हक्कासाठी कुणापुढे वाकावे लागत नाही, निदान लागू नये. मी बोलते आहे ते दानाबद्दल. देणारा एका गोष्टीवर मनापासून श्रद्धा ठेवून आहे, घेणाऱ्याची त्या गोष्टीवर मुळीच श्रद्धा नाही, आणि फीची मुदत संपत आली आहे. अशा वेळी काय करायचे?

मी औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली ती एका संप्रदायाच्या पैशावर. त्या संप्रदायाचे दैवत मी मानत नव्हते, आजही मानत नाही.

आमच्या इचलकरंजीच्या घरात देवघर नव्हते. वडील यंत्रमागावर कामाला, युनियनचे कार्यकर्ते. आई पौर्णिमेला शेजारणींबरोबर नरसोबाच्या वाडीला जायची. वडील तिला एसटी स्टँडवर सोडायला जात आणि तिथूनच परत फिरत. या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत मी वाढले. कोल्हापूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा फीची सवलत होती, पण वसतिगृह आणि मेसचा खर्च अंगावर येणारा होता. कुणीतरी एका संप्रदायाच्या विश्वस्त निधीचे नाव सुचवले. अर्ज आणला. त्यात नाव, गाव, उत्पन्न, गुण हे रकाने होते आणि त्यानंतर एक रकाना होता: संप्रदायाची दीक्षा घेतली आहे काय, असल्यास केव्हा?

आई म्हणाली, "लिही की घेतली म्हणून. बघायला कोण येतंय?"

वडिलांनी अर्ज दोनदा वाचला. "खोटं लिहायचं नाही. नाही मिळाले तर सोसायटीतनं काढू," म्हणाले.

मी लिहिले, 'दीक्षा घेतलेली नाही. मी देव मानत नाही.' दुसरे वाक्य कुणी विचारले नव्हते. पण नुसते 'नाही' लिहिले असते तर उद्या घेईल असा अर्थ निघाला असता.

मुलाखतीला तीन विश्वस्त होते. त्यांतल्या एकांनी माझ्यासमोरच हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की हा पैसा दानपेटीत पडलेला आहे. गुरुवारी दर्शनाला येणाऱ्या बायामाणसांनी तो टाकला आहे, देवाच्या नावाने टाकला आहे. आपल्या संप्रदायातल्या पोरी काय कमी आहेत? ती हरकत मला तेव्हा फार लागली होती. पण विचार करत गेले तशी ती मला त्या खोलीत बोलली गेलेली सगळ्यात रास्त गोष्ट वाटत आली. मला उत्तर सुचले नाही. दुसरे विश्वस्त निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. ते म्हणाले, "ज्यांनी टाकला त्यांनी परत कुठं मागितलाय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दर सहामाहीला गुणपत्रिका पाठवायची. उत्सवाला जेवायला यायचं. प्रवचनाला बसलंच पाहिजे असं नाही."

मी उत्सवाला जात असे, पंक्तीत बसून जेवत असे. कधी वाढायलाही उभी राहिले. प्रवचनाला बसले, कधी नाही बसले. कुणी विचारले नाही.

आपल्याकडे म्हण आहे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. शहाणपण म्हणून ती मुलांना सांगितली जाते. मला ती दोघांनाही कमीपणा आणणारी वाटते. पोळी देणारा टाळीसाठीच देतो असे ती धरून चालते, आणि खाणाऱ्याजवळ टाळीखेरीज परत करण्याजोगे काही नसते असेही. माझा अनुभव या दोन्ही गोष्टींच्या उलट आहे. आणि माझ्या अनुभवापेक्षा फार मोठी साक्ष आपल्याच इतिहासात आहे.

गोपाळराव जोशी 1878 साली कोल्हापुरात पोस्टात नोकरीला होते. बायकोला, म्हणजे आनंदीबाईंना, अमेरिकेत शिकवायचे म्हणून त्यांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला मदतीचे पत्र लिहिले. उत्तराचा रोख होता, आधी ख्रिस्ती व्हा. पत्र आणि उत्तर वाइल्डरच्या नियतकालिकात छापून आले, आणि न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे वाट बघत बसल्या असताना वाचले. कार्पेंटरबाईही ख्रिस्तीच. पण त्यांनी आनंदीबाईंना लिहिलेल्या पत्रांत मायेचा हात होता, अट नव्हती. एकाच धर्माची दोन माणसे, तोच मजकूर वाचून एकाने दार लोटले आणि दुसरीने उघडले. देणाऱ्याची श्रद्धा कोणती यावरून तो कसा देईल हे सांगता येत नाही, हे मी या एका घटनेवरून शिकले.

पुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. 1883 मध्ये, बोटीवर चढण्याआधी, आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात भाषण केले. हे बंगालमधले श्रीरामपूर, बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी उभारलेले कॉलेज. अठराव्या वर्षातली मराठी मुलगी तिथे उभी राहून सांगते की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. ज्यांच्याकडून मदत येण्याचा संभव होता त्यांच्या तोंडावर, मदत येण्याआधी तिने हे सांगितले. त्यानंतर मदत आली. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनीही 200 रुपये पाठवले. तिचे हिंदूपण पटते की नाही हा मुद्दाच नाही. मी तिच्या जागी असते तर तसे म्हटले नसते. पण घेण्याआधी सांगणे आणि घेतल्यावर सांगणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. आधी सांगितले की देणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक राहते. ती मोकळीक त्याला देणे हाच घेणाऱ्याचा पहिला प्रामाणिकपणा.

पंडिता रमाबाईंची कथा याहून अवघड आहे, आणि मी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जाते. त्याही 1883 मध्येच इंग्लंडला गेल्या. 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा केला. कडेवर लहानगी मनोरमा. वाँटेज या गावी अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या राहिल्या. पुण्याला पाठवायच्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावे आणि बदल्यात राहण्याजेवण्याची सोय व्हावी, असा तो व्यवहार होता. त्याच सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे वरवर पाहता देणारे आणि घेणारी एका श्रद्धेचे झाले. आता कसला प्रश्न?

प्रश्न तिथेच सुरू झाला. रमाबाईंना बायबल हवे होते, पण चर्चचा प्रत्येक सिद्धांत डोळे मिटून मान्य नव्हता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य त्यांच्या बुद्धीला पटेना. अंडे घातलेले पुडिंगही त्या खात नसत आणि हा भगिनींना अहंकार वाटे. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. मला न कळणाऱ्या भाषेतली अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवत. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांचा विरोध आड आला. त्यावरही रमाबाई भांडल्या. आपल्या देशात स्त्रीपुरुषांसमोर व्याख्याने दिलेल्या बाईला हा निर्बंध कसा मानवणार?

या सगळ्याचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला तो ग्रंथ 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने इंग्रजीत छापला. सिस्टर जेराल्डिन या भगिनीशी रमाबाईंचा वाद पानेच्या पाने चालतो. जेराल्डिन त्यांना गर्विष्ठ म्हणतात, कृतघ्नतेकडे बोट दाखवतात. रमाबाई प्रत्येक मुद्द्याला उत्तर देतात. मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी नुकती सुटले आहे, दुसऱ्याच्या जोखडाखाली जाणार नाही, असा त्यांचा सूर आहे. आणि हे ज्या बाईला ऐकवायचे तिला त्या 'आजीबाई' म्हणत राहतात. मी ती पत्रे वाचताना या संबोधनापाशी थांबते. मत एक इंचही सोडलेले नाही आणि नातेही सोडलेले नाही. मिंधेपणा न येता कृतज्ञ राहता येते का, असे मला कुणी विचारले तर मी त्याला ही पत्रे वाचायला सांगते.

जेराल्डिनवर सगळा दोष टाकणेही मला पटत नाही. त्या बाईने आपल्या समजुतीनुसार एका परक्या मुलीवर आणि तिच्या लेकीवर जीव लावला होता. जे आपल्याला सर्वांत मौल्यवान वाटते तेच आपण आपल्या माणसाला देऊ पाहतो. देणाऱ्याला श्रद्धेचे दान पैशाच्या दानापेक्षा मोठे वाटते, आणि ते नाकारले गेले की पैशाचे दानही नाकारल्यासारखे वाटते. घेणाऱ्याने हे दुखणे समजून घ्यावे. समजून घेणे म्हणजे मान तुकवणे नव्हे.

पुढे रमाबाई स्वतः देणाऱ्या झाल्या. अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी बोस्टनला 1887 च्या अखेरीस रमाबाई असोसिएशन उभे केले. त्यात निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक होते आणि त्यांनी दहा वर्षे मदत करण्याचे कबूल केले. त्या पैशातून मार्च 1889 मध्ये मुंबईत शारदासदन सुरू झाले. धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींना आपापले आचार पाळता यावेत, हे ठरलेले होते. ख्रिस्ती लोकांच्या पैशावर ब्राह्मण विधवांची वेगळी चूल चालत होती. सदन पुण्याला गेल्यावर काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, त्यावरून काहूर उठले, आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात दोन्ही बाजूंना आपापले सत्य होते असे मला वाटते. आईबापांना भय होते ते खोटे नव्हते. लहान, निराधार मुलीवर आश्रयदात्याच्या आचरणाचा नुसता सहवासही दाब आणू शकतो. म्हणून वसतिगृह चालवणाऱ्यावर फीचा धनादेश देणाऱ्यापेक्षा जास्त जबाबदारी असते.

याच शारदासदनात सुरुवातीच्या काळात गोदूबाई नावाची कोकणातली तरुण विधवा शिकायला आली. तिने 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. ती ख्रिस्ती झाली नाही. कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, त्यासाठी तिने दारोदार वर्गणी गोळा केली. बोस्टनच्या देवभोळ्या बायांनी दिलेले डॉलर असे फिरत फिरत हिंगण्याच्या माळावर त्या आश्रमापर्यंत पोचले. त्या बायांना हिंगणे माहीतही नसेल.

देणाऱ्याचा नियम मोडायची वेळ आली तर? भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. ते स्वतः जैनच होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर विटाळ म्हणून आंघोळ करा, असे बोर्डिंगने सांगितले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगातून त्यांना काढण्यात आले. त्यांनी चोरून समारंभाला जाऊन अंग ओले करून घेतले असते तर कुणाला कळले असते? पण मग 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसवणारे वसतिगृह निघाले असते का, याची मला शंका आहे. आश्रय गमावण्याची तयारी ठेवून जो आश्रय घेतो, त्याला आश्रय गुलाम करू शकत नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे की घेताना देणाऱ्याची श्रद्धा बघू नये, त्याची अट बघावी. अट उघड आहे का? श्यामजी कृष्णवर्मांनी 1905 साली शिष्यवृत्त्या जाहीर केल्या तेव्हा इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही ही अट जाहीर होती. ज्याला पटली त्याने अर्ज केला, यात फसवणूक नाही. अट लपलेली असेल, हळूहळू, एकेका उत्सवाने, एकेका फोटोने गळ्याशी येणारी असेल, तर पैसा कितीही लागणारा असो, मी घेऊ नका म्हणेन. आणि दुसरे बघावे ते असे की या पैशासाठी मला कुणाला दूर लोटावे लागते का.

ज्ञातिमंडळांच्या शिष्यवृत्तीपाशी मी अडते ती इथे. या निधींचा जन्म कशातून झाला ते मला माहीत आहे. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकेका समाजाची वसतिगृहे निघावीत म्हणून जागा आणि पैसा दिला, कारण त्या समाजांच्या मुलांना शहरात डोके टेकायला जागा नव्हती. ती डागडुजी होती, आणि जिथे अजूनही डागडुजीच चालली आहे तिथे माझे काही म्हणणे नाही. पण पिढ्यान्पिढ्या शाळेत असलेल्या जातीने आपला पैसा आपल्याच मुलांत फिरवत ठेवावा, आणि गुणगौरव समारंभात व्यासपीठावरून जातीचा अभिमान सांगावा, हा प्रकार वेगळा. तिथे शेजारच्या बाकावरची तितकीच गरजू मुलगी केवळ आडनावामुळे वगळली जाते. वडिलांनी आमच्या ज्ञातिमंडळाचा अर्ज घरात आणला नाही. तरीही ज्या मुलाची फीची मुदत उद्या संपते आहे त्याने तो अर्ज भरला तर मी त्याला दोष देणार नाही. मी तो अर्ज छापणाऱ्यांना विचारीन.

शिक्षण संपून मी सरकारी रुग्णालयात औषध देण्याच्या खिडकीत बसू लागले. क्षयाचे उपचार सहा महिने चालतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, आणि माणूस गोळ्या सोडून देतो. मग जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि तोच माणूस पुढच्या वर्षी वाईट अवस्थेत परत येतो. गोळ्या सोडणाऱ्यांत काही जण असे असत की त्यांना कुणीतरी अंगारा दिलेला असे, आता हे पुरे म्हणून सांगितलेले असे. त्यात माझ्या दात्या संप्रदायाचे लोकही होते. मी त्यावर लेख लिहिला. संप्रदायाचे नाव घातले नाही, पण वाचणाऱ्याला कळले. निरोप आला, खाल्ल्या घरचे वासे मोजतेस.

तो अंक घेऊन मी गुरुजींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून लेख पूर्ण वाचला. "शेवटचा परिच्छेद कडक झालाय," म्हणाले. मग आत चहा सांगितला आणि विचारले, "सहा महिन्यांच्या गोळ्या फुकट मिळतात ना? मग तसं ठळक लिहायला हवं होतंस. आपले लोक वाचतील."

ते 'आपले लोक' म्हणाले. दानपेटीत दोन रुपये टाकणारी बाई आणि मधेच गोळ्या सोडणारा माणूस ही एकाच घरातली असू शकतात. मी त्या बाईचे देणे लागते. तिची श्रद्धा मी उसनी घेऊ शकत नाही, पण तिच्या नवऱ्याच्या गोळ्या सहा महिने पुऱ्या होतील हे बघू शकते. तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार मला नाही, तो माझ्या शिक्षणाने मला दिलेला नाही. अंगाऱ्याने क्षय जात नाही हे सांगण्याचे मात्र मला बंधन आहे, कारण तिच्याच पैशाने मी ते शिकले.

आता आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून एक लहानसा निधी चालवतो. बहुतेक जण चळवळीतले, देव न मानणारे. गेल्या खेपेला एका मुलीचा अर्ज आला. अभियांत्रिकीला प्रवेश, गुण उत्तम, वडिलांना जेमतेम शेती. 'सामाजिक कार्य' या रकान्यात तिने लिहिले होते की ती कीर्तन करते. आमच्यातल्या एकांनी विचारले, आपल्या लोकांनी यासाठी पैसे दिले आहेत का? शब्द वेगळे होते, हरकत तीच होती, आणि तितकीच रास्त होती. वर्गणी देणाऱ्यांनी विवेकवाद वाढावा म्हणून दिली होती. बराच वेळ बोलणे झाले. मी एवढेच म्हटले की ही मुलगी कीर्तन लपवू शकली असती. आमच्यासारख्यांकडे अर्ज करताना ते लिहायला धीर लागतो. तिला शिष्यवृत्ती दिली. ती कीर्तन करते आहे आणि तिच्या गुणपत्रिका वेळेवर येतात. तिचे मत बदलावे असे मला वाटते का? वाटते. तसे मी तिला सांगितलेही, पैसे हातात दिल्यावर नव्हे, पुष्कळ दिवसांनी, आमच्याकडे जेवायला आली होती तेव्हा. तिने तिचे म्हणणे मांडले. ते मला पटले नाही.

त्यानंतर आम्ही आमचाच अर्ज नीट वाचून काढला. 'विवेकवादी चळवळीत सहभाग आहे काय?' असा एक रकाना त्यात होता. तो काढून टाकला. वर्गणी देणाऱ्यांना तसे पत्राने कळवले. एकांनी वर्गणी बंद केली. तो त्यांचा अधिकार आहे.

जूनमध्ये पुन्हा अर्ज छापले जातील. तुम्ही कुठल्या मंडळावर, न्यासावर, निधीवर असाल, तर छापखान्यात देण्याआधी तो कागद एकदा वाचा आणि त्यात दीक्षेचा, पंथाचा, विचारसरणीचा रकाना असेल तर खोडा. आणि तुम्ही अर्ज भरणारे असाल, आणि तो रकाना तरीही तिथे असेल, तर खरे आहे तेच लिहा आणि अर्ज द्या.